येतं किती, जातं किती

याश शहर, ब्लॉक सी-चौदा, लिफ्ट बंद.
चौथ्या मजल्यावर पोचेस्तोवर
पाठ केलेलं निम्मं भाषण
जिन्यातच सांडलेलं असतं.
महिन्याला अकरा कनेक्शनं विकायची असतात मला.
आज अठ्ठावीस तारीख. झालीत नऊ.

लुक्रेत्सियाबाईंनी दार उघडलं ते साखळी न काढता.
माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं,
उलटून त्याची पाठही वाचली,
मग म्हणाल्या, बूट काढ, कोस्टिन.

टेबलावर तीन कंपन्यांची तीन पत्रकं,
उडू नयेत म्हणून वर
आंबट चेरीच्या मुरंब्याची बरणी.
आमचं पत्रक बरणीच्या थेट खाली,
त्यावर पाकाचा लाल गोल,
नेमका किमतीवर.

मी सुरू केलं : एक गीगाबिट, बाई,
सहा महिने अर्ध्या दरात, राउटर फुकट,
वर दीडशे चॅनल...
'दीडशे चॅनल कोण बघणार? मी आणि फ्रिज?'
मग चष्मा कपाळावरून खाली घेत :
'हे मोठ्या अक्षरात छापलंय
ते घरात येतं तेवढं.
घरातून जातं किती?'

दोन वर्षं जिने चढतोय,
हे कुणी विचारलं नव्हतं.
लोक विचारतात, सिनेमा अडकेल का,
पोराचा गेम अडकेल का,
सातव्या महिन्यात किती पडतील.

'विओरिका तुरीनला असते.
दुसऱ्या कुणाच्या आईला भरवते, न्हाऊ घालते,
रात्री नऊला मोकळी झाली की फोन लावते.
मला ती दिसते स्वच्छ.
कानातलं नवं डूलसुद्धा दिसलं.
तिला मी दिसत नाही.
परवा म्हणाली, आई, तू चौकोन चौकोन झालीस,
हलू नकोस.
मग हलले नाही मी.
फोटोला बसतात तशी पंधरा मिनिटं बसले.
ती तिकडे हसत नव्हती,
हे मात्र मला अगदी स्पष्ट दिसत होतं.'

मी ऑफिसला फोन लावला.
व्हायोलिन वाजलं, माझा कॉल महत्त्वाचा असल्याचं कळलं,
पुन्हा व्हायोलिन. शेवटी साहेब :
'त्या ब्लॉकला अजून जुनीच तांब्याची तार.
येतं हजार, जातं वीस.
ते बोलू नकोस. सही घे.'

फ्रिज घुरघुरत होता.
मी बरणी उचलली,
मधलं पत्रक ओढून वर ठेवलं.
'यांची काचेची तार आहे, बाई.
येतं तेवढंच जातं.'

त्यांनी आभार मानले नाहीत.
पावाच्या तुकड्यावर मुरंबा थापून हातात दिला :
'तिसऱ्या मजल्यावर पेत्राके राहतो, त्याला गाठ.
त्याला कुणाला काही दाखवायचं नसतं.
तुमचं त्याला चालेल.'

बाल्कनीतून समोरच्या ब्लॉकपर्यंत
एक काळी वायर ताणलेली.
'विओरिका शाळेत असताना पोरांनी ओढली ती.
या जिन्यातून त्या जिन्यात,
गच्चीवरून गच्चीवर, एका वर्षात अख्खी गल्ली जोडली.'
कंपनी कुठली, मी सवयीने विचारलं.
'कंपनी कसली? खालचा येनाकेचा मुलगा आणि एक शिडी.'
आता तिच्या अलीकडच्या टोकाला
चिमट्यांत दोन मोजे आणि भांडी पुसायचं फडकं.
'वारा असला तर तासाभरात वाळतं,' बाई म्हणाल्या.

तिसरा मजला.
आत टीव्ही मोठ्याने चाललेला.
भाषण आठवत मी बेल दाबली,
आणि बटणाला
थोडा लाल पाक लागला.